पोडावर आणि बेड्यावर संगणक शिकवायचा, तर आधी काय ठरवावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर आणि झरी-जामणी तालुक्यांत काम करणाऱ्या आपल्या संस्थेला एका कंपनीच्या सामाजिक निधीतून दहा संगणक मिळाले आहेत आणि त्यांच्या आधारे कोलाम पोड व पारधी बेड्यांवरील, म्हणजे गावठाणापासून अलग असलेल्या या समाजांच्या वस्त्यांवरील, तरुणांसाठी आणि स्त्रियांसाठी प्रशिक्षण सुरू करायचे आहे. अभ्यासक्रम कोणता घ्यावा, केंद्र कोठे ठेवावे आणि या समाजांचे गावापासूनचे तुटलेपण कमी झाले हे निधी देणाऱ्यांना कसे दाखवावे, असे आपण विचारले आहे. विदर्भातील आदिवासी आणि विमुक्त वस्त्यांवर मी बरीच वर्षे हेच काम करत आले आहे. आपल्या प्रश्नांचा क्रम मात्र मी बदलणार आहे, कारण जागा आणि शिकवणारी व्यक्ती ठरण्याआधी अभ्यासक्रमाची चर्चा करणे मला व्यर्थ वाटते.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीत देशाच्या ग्रामीण भागातील केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक आणि १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय आढळली होती. म्हणजे तेव्हा गावठाणातील बहुसंख्य माणसेही संगणकापासून दूरच होती. तरीही त्यांचे फारसे अडत नव्हते, कारण ज्याच्याकडे संगणक होता तो त्यांचा पुतण्या, व्याही किंवा शेजारी होता आणि त्याच्या ओट्यावर जाऊन बसता येत होते. पोडावरच्या माणसाचे त्या खुर्चीवर कोणी नव्हते. पूर्वी तो तलाठी, ग्रामसेवक आणि कंट्रोलवाला, म्हणजे रेशन दुकानदार, यांच्यासमोर उभा राहत असे. सगळे दाखले, शिधापत्रिका आणि अनुदाने ऑनलाइन झाल्यावर तो सेवा केंद्राच्या खिडकीसमोर उभा राहू लागला. उभे राहणे तसेच राहिले, आणि त्यात भर अशी पडली की समोरचा माणूस पडद्यावर काय करतो आहे हे त्याला दिसेनासे झाले. तुटलेपण या ठिकाणी आहे. संगणक न येणे हे त्याचे कारण नव्हे, त्याचे आजचे रूप आहे.

यावरून माझे मुख्य म्हणणे निघते. दोनशे लोकांना थोडेथोडे शिकवण्यापेक्षा प्रत्येक पोडावर आणि बेड्यावर दोन-तीन माणसे अशी तयार करावीत की त्यांच्या दारात बाकीच्यांना कोणत्याही वेळी, संकोच न बाळगता जाता येईल. पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान २०१७ मध्ये सुरू झाले तेव्हा त्याचे उद्दिष्ट सहा कोटी ग्रामीण कुटुंबांचे होते; प्रत्येक कुटुंबातून १४ ते ६० वयोगटातील एक व्यक्ती आणि तिला वीस तासांचे प्रशिक्षण, अशी त्याची रचना होती. ही रचना संख्येच्या दृष्टीने सोयीची असली, तरी वीस तासांत शिकलेले माणूस ते वापरत राहिले नाही तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत विसरून जाते. शिवाय घरटी एकच म्हटले की बहुधा शाळेत गेलेला मुलगाच पुढे केला जातो आणि तोच सर्वांत आधी कामासाठी शहराकडे निघून जातो. मार्च २०२४ मध्ये ती योजना संपली. आपण तिचीच लहान आवृत्ती काढू नये, एवढेच मी सुचवीन.

आता जागेविषयी. आपले पत्र वाचून असे दिसते की ग्रामपंचायतीने गावठाणात एक खोली देऊ केली आहे आणि आपला कल तिकडे आहे. वीज, रस्ता आणि कुलूप यांचा विचार केला तर ती खोली उत्तमच असेल. पण सुरुवात तेथे केली तर आठवड्याभरात त्या खोलीत गावठाणातील मुले बसलेली दिसतील आणि पोडावरच्या मुली दाराबाहेर चपला काढून परत जातील. त्यांना कोणी हाकलणार नाही; हाकलावे लागतच नाही. याउलट केंद्र कायमचे पोडावरच ठेवले तर मुली मोकळेपणाने शिकतात, परंतु गावाशी त्यांचा संबंध होता तेवढाच राहतो, आणि ‘त्यांचे केंद्र तिकडे आहे’ असे म्हणण्याची गावाला सोय होते. म्हणून माझा सल्ला दोन टप्प्यांचा आहे. पहिले सहा-आठ महिने पोडावर, नाईक आणि महाजन या पोडाच्या प्रमुखांशी बोलून त्यांनी दाखवलेल्या जागेत, मग ती चावडी असो की अंगणवाडीची खोली, केंद्र चालवावे. जागा ठरवण्यापूर्वी स्त्रिया तेथे बसतील का हे मात्र स्त्रियांनाच वेगळे विचारावे. त्यानंतर दोन यंत्रे आणि एक प्रिंटर गावठाणातील त्या खोलीत न्यावे आणि छपाई, स्कॅनिंग व अर्ज भरण्याची सेवा सर्व गावासाठी सुरू करावी. खुर्चीवर मात्र पोडावरची मुलगी बसलेली असावी. गावातील शेतकरी आपला पीक विम्याचा अर्ज भरून घेण्यासाठी एका कोलाम मुलीसमोर कागद धरतो, तेव्हा दोघांमध्ये जे बदलते ते कोणत्याही मेळाव्याने बदलत नाही. पहिला टप्पा गाळून एकदम येथे येता येत नाही, हे पुन्हा सांगते, कारण निधीच्या मुदतीमुळे तो मोह होतो.

पारधी बेड्यांचा विचार वेगळा करावा लागेल. आपण दोन्ही समाजांसाठी एकच वर्ग योजला आहे. माझ्या मते सुरुवातीला तसे करू नये. कोलाम ही महाराष्ट्रातील कातकरी आणि माडिया गोंड यांच्याबरोबर विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत गणली जाणारी जमात आहे. पारधी हेही अनुसूचित जमातीत असले, तरी त्यांच्या वाट्याला आलेला बहिष्कार निराळ्या जातीचा आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि १९११ च्या कायद्यात नोंदणी झालेल्या माणसांच्या बोटांचे ठसे घेण्याची तरतूद होती. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, परंतु चोरी झाली की पोलिसांची गाडी प्रथम बेड्यावर येते हा अनुभव रद्द झाला नाही. अशा वस्तीवर पहिल्याच दिवशी हजेरीसाठी अंगठ्याचे यंत्र ठेवणे आणि ‘अहवालाला लागतात’ म्हणून प्रत्येकाचे छायाचित्र काढणे यांचा अर्थ काय घेतला जाईल, याचा विचार निधी देणारे करत नाहीत. तो आपण करावा. हजेरी वहीत घ्यावी. छायाचित्रे त्यांनीच एकमेकांची काढावीत आणि त्यांतील कोणती बाहेर द्यायची हे त्यांनीच सांगावे. फाइल पाठवणे, पुसणे आणि कोणाला दिसू द्यायची हे ठरवणे, असा पहिला धडा त्यातूनच होतो.

शिकवणारी व्यक्ती त्याच वस्तीवरची असावी, यावर मी तडजोड करणार नाही. आश्रमशाळेत दहावी-बारावीपर्यंत शिकून घरी बसलेल्या मुली जवळजवळ प्रत्येक पोडावर सापडतात. त्यांतील दोघींना आधी तीन महिने तालुक्याच्या ठिकाणी नीट शिकवून, योग्य मानधन देऊन आणावे. दोघी यासाठी की एकीचे लग्न झाले तरी केंद्र बंद पडू नये. शहरातून येणारा प्रशिक्षक कितीही चांगला असला तरी तो मराठीतच बोलणार, आणि कोलामी ही द्रविड कुळातील स्वतंत्र भाषा असल्यामुळे घरात तीच बोलणाऱ्या म्हाताऱ्या बाईला त्याचे अर्धे बोलणे हवेत जाते. संकेतस्थळांवरील मराठी तर गावठाणातील वऱ्हाडी बोलणाऱ्यालाही अवघड पडते. येथे एक धोकाही सांगितला पाहिजे. ज्या मुलीला अर्ज भरता येतो तीच उद्या अर्जामागे पैसे घेऊ लागू शकते, कारण तिच्या हातात आता खिडकी असते. हे टाळण्यासाठी उपदेशाचा उपयोग होत नाही. दरपत्रक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावणे, प्रत्येक पैशाची पावती देणे आणि महिन्याचा हिशोब पोडाच्या बैठकीत वाचणे, ही व्यवस्था पहिल्या दिवसापासून असावी.

अभ्यासक्रम त्या वस्तीच्या कागदांतून काढावा. पहिल्या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाला घरातील सर्व कागद, पत्र्याच्या पेटीतले, आढ्यातले, प्लास्टिकच्या पिशवीतले, घेऊन बोलवावे आणि शिकणाऱ्यांनी ते स्कॅन करून, नाव देऊन, कुटुंबाच्या फोल्डरमध्ये ठेवावेत. या एका कामात फाइल, फोल्डर, स्कॅनर, पीडीएफ आणि ठरावीक आकारात फाइल बसवणे हे सर्व येऊन जाते, आणि त्याच वेळी वस्तीचा खरा प्रश्न टेबलावर येतो. एकाच बाईचे नाव आधार कार्डावर एक, शिधापत्रिकेवर दुसरे आणि बँकेच्या पुस्तकावर तिसऱ्याच रोमन स्पेलिंगने लिहिलेले असते. वस्तीवरच्या निम्म्या लोकांची जन्मतारीख एक जानेवारी असते. अनुदान अडते ते बहुतेक वेळा येथे, किंवा पैसे ज्या खात्यात पडायचे ते खाते आधारशी जोडलेले नसते, किंवा भलतेच जुने खाते जोडलेले असते. हे कोणत्या पानावर पाहायचे, दुरुस्तीसाठी कोणता पुरावा लागतो आणि तो कोणाकडे न्यायचा, हे शिकवणे म्हणजेच संगणक शिकवणे. विशेष असुरक्षित समूहांसाठीचे पंतप्रधान जनमन अभियान १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाले. घरकुल असो वा वीज-पाण्याची जोडणी, पोडापर्यंत ते पोचण्यासाठी प्रथम हेच कागद जुळावे लागतात.

जात पडताळणीचा विषय याच टप्प्यावर घ्यावा, कारण पारधी मुलांचे शिक्षण त्यावर अडून राहते. अनुसूचित जमातीच्या दाव्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांचे आजोबा त्या काळात या शिवारातून त्या शिवारात फिरत होते आणि ज्यांच्या नावावर कधी सातबारा नव्हता, त्यांनी तो आणायचा कोठून? शाळेचे जुने दाखल-खारीज रजिस्टर, कोतवाल बुकाची, म्हणजे गावाच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल, एखाद्या चुलत आजोबांची नोंद, अशा मिळतील त्या तुकड्यांतून वंशावळ जुळवावी लागते. ही वंशावळ संगणकावर मांडणे हा मी पाहिलेला सर्वांत जिवंत वर्ग असतो. म्हातारी माणसे, जी एरवी केंद्राकडे फिरकत नाहीत, ती येऊन नावे सांगतात आणि नातवंडे ती टंकतात. अशी तयार झालेली फाइल चुलतभावांच्या सर्व मुलांना पुढे उपयोगी पडते.

यानंतर पैशाचे व्यवहार. वस्तीवर फिरणाऱ्या एजंटच्या यंत्रावर अंगठा लावून आधारमार्फत पैसे काढण्याची सोय चांगली आहे, परंतु ‘ठसा आला नाही’ म्हणून दुसऱ्यांदा अंगठा लावून घेणे आणि दोन्ही वेळा रक्कम काढणे हा प्रकार घडतो. कष्टाने बोटे झिजलेल्या माणसाचा ठसा खरोखरही उमटत नाही, त्यामुळे त्याला संशय घेता येत नाही. प्रत्येक वेळी पावती मागणे, खात्याचा उतारा पाहणे, आधारवरील बायोमेट्रिक कुलूपबंद करणे, आणि फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर लगेच कळवणे, एवढे प्रत्येकाला आलेच पाहिजे, मग तो संगणक शिको वा न शिको. त्याआधी आणखी एक तपासणी करावी: आधारला आणि बँकेला जोडलेला मोबाइल क्रमांक नक्की कोणाचा आहे? अनेक घरांत तो कधीकाळी अर्ज भरून देणाऱ्याचा निघतो आणि मग ओटीपी त्याच्याकडे जातो. हे उघड झाले की वस्तीवर जो राग येतो, तो योग्य दिशेने वळवायची तयारी ठेवावी.

तक्ते शिकवण्यासाठी काल्पनिक गुणपत्रिका आणि दुकानाची बिले घेऊ नयेत. कापूस वेचणीचे किलो आणि चुकारा, किंवा तेंदूपत्त्याचे पुडे, हे घ्यावेत. एका पुड्यात सत्तर पाने, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, आणि मजुरी शेकडा पुड्यांवर. फळीवर, म्हणजे पाने गोळा होतात त्या ठिकाणी, मुन्शीच्या वहीत लिहिलेला आकडा आणि घरात मोजलेला आकडा शेजारीशेजारी मांडले की सूत्र म्हणजे काय हे बायकांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. जेथे ग्रामसभांना वनहक्क मिळाला आहे तेथे हे शिक्षण आणखी पुढे जाते. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यानंतर बांबूची विक्री आणि वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती येण्यासाठी मोठा झगडा द्यावा लागला. आज ज्या ग्रामसभा तेंदू आणि बांबू स्वतः विकतात त्यांना ठराव, लिलावाची कागदपत्रे, मजुरीची यादी आणि लेखापरीक्षण हे सगळे ठेवावे लागते. हे काम बाहेरच्या लेखनिकाकडे गेले तर जंगल हातात येऊनही वही दुसऱ्याची राहते. आपल्या पोडांचे वनहक्क दावे प्रलंबित असतील तर मोबाइलच्या जीपीएसवर सीमा टिपून नकाशा करणे हा तरुणांसाठी आकर्षक आणि अत्यंत उपयोगी धडा होईल.

अक्षरे आणि कळफलक यांविषयी थोडे. सुरुवातीपासून युनिकोड, म्हणजे कोणत्याही संगणकावर अक्षरे तशीच दिसणारी पद्धत, आणि भारतीय लिप्यांसाठीचा इनस्क्रिप्ट कळफलकच शिकवावा. स्वर डावीकडे आणि व्यंजने उजवीकडे अशी त्याची मांडणी बाराखडी आलेल्याला लवकर कळते, आणि कृतीदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर शासकीय अर्जात चिकटवला की अक्षरांचा चुराडा होतो. कोलामी आणि कोरकू मजकूर देवनागरीत सहज लिहिता येतो. गोंडीसाठी मसराम लिपी २०१७ मध्ये आणि गुंजाला लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली, त्यामुळे एखाद्या गोंड तरुणाला आपल्या लिपीत नाव पाहायचे असेल तर ते आता शक्य आहे. त्याने दाखला मिळत नाही, पण तो तरुण दुसऱ्या दिवशी मित्राला घेऊन येतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांची सुरुवात अंक, छायाचित्र आणि आवाजाच्या संदेशापासून करावी. मराठीत बोलून टंकण्याची सोय मात्र घरात कोलामी बोलणाऱ्यांच्या उच्चारांवर अडखळते, म्हणून तिच्यावर विसंबू नये.

मोबाइल असताना संगणक कशाला, असे आपल्याला कोणीतरी विचारील, आणि प्रश्न रास्त आहे. वारणानगर परिसरात १९९८ मध्ये सहकारी संस्थांच्या मदतीने गावोगावी संगणक केंद्रे उभारली गेली होती. पुढे काही गावांत उसाच्या वजनाची माहिती देण्याचे तेच काम साध्या एसएमएसने स्वस्तात होऊ शकते असे दिसून आले. माहिती पाहायची असेल तर मोबाइल पुरेसा आहे. परंतु अर्ज तयार करणे, कागद जोडणे, हिशोब ठेवणे आणि ठराव छापून त्यावर सह्या घेणे यांसाठी मोठा पडदा आणि प्रिंटर लागतोच. शिवाय मोठ्या पडद्यासमोर तीन बायका एकत्र बसू शकतात, आणि त्या तशाच शिकतात.

यंत्रांबाबत फार सांगण्यासारखे नाही. अजून बदलता येत असेल तर मेजावरच्या संगणकांऐवजी लॅपटॉप मागून घ्यावेत. पोडावरची वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि मे महिन्यात टिनाच्या खोलीत पंचेचाळीस अंशांच्या पुढे काहीच चालत नाही, माणूसही नाही. इंटरनेट मिळेल असे गृहीत धरून धडे आखू नयेत. वेळापत्रक मात्र हंगामाकडे पाहूनच करावे: मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले, मेमध्ये तेंदू, मग पेरणी आणि निंदण, दिवाळीपासून वेचणी. दिवसाचा वर्ग कोणत्याही महिन्यात चालणार नाही. संध्याकाळी स्वयंपाकापूर्वीचा तास किंवा रात्री जेवणानंतरचा तास, यांतला एक स्त्रियांनी निवडावा. मेळघाटात काम केलेल्यांना हेही ठाऊक असते की होळीच्या आसपास कोरकू ढाण्यांवर, म्हणजे त्यांच्या वस्त्यांवर, कोणताही वर्ग ठेवू नये. आपल्याकडेही अशा तिथी असतील, त्या नाईकाला विचाराव्यात.

प्रमाणपत्राविषयी माझे मत इतर कार्यकर्त्यांहून वेगळे आहे. एमएस-सीआयटी या संगणक साक्षरतेच्या प्रमाणपत्राला नावे ठेवण्याची आपल्या वर्तुळात पद्धत आहे, परंतु राज्य शासनाच्या अनेक पदांसाठी ते मागितले जाते आणि पोडावरच्या मुलाला ते हवे असते. वर सांगितलेले काम सहा महिने केलेल्या मुलामुलींना त्या परीक्षेची तयारी अवघड जात नाही. शुल्काची तरतूद निधीतून करावी. केवळ प्रमाणपत्रासाठी केंद्र उघडणे चूक, तसेच ते तुच्छ समजून मुलांना त्यापासून दूर ठेवणेही चूक.

शेवटी मोजमाप. निधी देणारे किती जण शिकले हा आकडा मागतील. तो द्यावा, पण त्यासोबत एक साधी नोंदवही ठेवावी. अर्ज कोणी भरला, पोडावरील माणसाने स्वतः, शिकलेल्या मुलीने, की पैसे देऊन बाहेरून? त्यासाठी तालुक्याला किती खेपा झाल्या आणि किती रोज बुडाले? ग्रामसभेचे इतिवृत्त कोणाच्या हातचे आहे? गावठाणातील किती माणसे पोडावरच्या मुलीकडे काम घेऊन आली, आणि त्यांनी तिला काय म्हणून हाक मारली, नावाने की जातीने? हे शेवटचे लिहिताना संकोच वाटेल, तरी लिहावे. वर्षाच्या सुरुवातीची नोंद नसेल तर वर्षअखेरच्या नोंदीला अर्थ राहत नाही, म्हणून वही आधी सुरू करावी आणि संगणक नंतर जोडावेत.

त्याच सुमारास, खोकी उघडण्यापूर्वी, एक ठरावही करून घ्यावा. केळापूर, घाटंजी आणि झरी-जामणीतील बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात येतात आणि राज्याच्या २०१४ च्या पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याच्या, नियमांनुसार पाडा किंवा वस्तीलाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येते. आपल्या पोडाची स्वतःची ग्रामसभा असेल तर तिच्या, नसेल तर पोडाच्या बैठकीच्या ठरावात यंत्रे कोणाच्या मालकीची, दुरुस्तीचा खर्च सेवाशुल्कातून किती काढायचा, आणि संस्थेचा निधी संपल्यावर मानधन कोण देणार हे लिहून घ्यावे. विजेचे मीटरही त्याच ठरावानुसार त्यांच्या नावावर घ्यावे, आपल्या संस्थेच्या नावावर घेऊ नये.